नाव नसलेलं माप

माय बाईची पाठ बघून तिच्या ब्लाउजचं माप सांगायची. बाई दारात यायची, चपला काढायला वाकायची, तेवढ्यात माय मशीनवर बसल्या जागेवरून म्हणायची, "चौतीस. मुंढा सोळा." मग टेप लावायची ती नुसती समोरच्या बाईच्या समाधानासाठी. नांदेडच्या जुन्या गावात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत चूल. आम्ही दोघी, आणि महिन्यातले पंधरा दिवस दादा, म्हणजे माझे वडील. दिवसभर मशीनचा पाय खालीवर व्हायचा. तो आवाज थांबला की मी अभ्यासातून मान वर करून बघायची, कारण आवाज थांबला म्हणजे माय विचार करते आहे, आणि माय विचार करायला लागली की कोणाचं तरी काहीतरी उघडकीला यायचं. धुतलेल्या ब्लाउजवरून ती सांगायची की अमुक बाईला दिवस गेलेत, तमुक बाई सासरी पोटभर जेवत नाही. "माणूस खोटं बोलून राहिलं तरी कापड न्हाई बोलत," असं तिचं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्यावर ती कोर्टात शपथ घ्यावी तशी ठाम असायची.

मायला आकडे यायचे, अक्षरं यायची नाहीत. म्हणून मापाची वही माझ्याकडे होती. एका पानाला एक बाई. वर नाव, खाली छाती, कंबर, खांदा, मुंढा म्हणजे काखेचा घेर, बाही. ती टेप धरून आकडे बोलायची आणि मी लिहायची. दादांचे शर्टही तीच शिवायची, पण त्यांचं पान वहीत नव्हतं. "ह्यांचं माप मला पाठ हाय," असं ती जरा लाजून म्हणायची.

संशय घेण्याचा स्वभाव मी तिच्याकडूनच उचलला. पुढे लातूरला शाळेत शिकवताना पोरं माझ्या मागे मला फौजदारीण म्हणायची, ते मला माहीत होतं. आता नोकरी संपून किती काळ लोटला, तरी भाजीवाल्याच्या काट्याकडे मी वाकून बघतेच. सून कधी नव्हे ती गोड बोलली की मनात येतं, आज काय मोडलंय घरात? हा काही चांगला गुण नाही. पण मी दहावीत होते त्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते ज्यानं बघितलंय, त्याला दुसरा कुठला गुण लागणार?

दादा मूळचे हदगावकडचे. भाऊ शेती करायचे, आणि दादा अंगानं काटक, बुटकेसे आणि भारी उड्या मारणारे. एकदा ते एकटेच माहूरला देवीच्या दर्शनाला गेले होते. तिथं डोंगरावर पिक्चरची शूटिंग चालली होती. उतारावरून गडगडत खाली यायचं काम होतं, आणि शहरातून आणलेल्या माणसानं तो उतार बघून हात जोडले होते. गर्दीतून दादा पुढे झाले आणि गडगडत खाली आले. खाली उठून धोतर झटकलं, असं ते सांगायचे. फाइट मास्टरनं त्यांना तिथूनच हैदराबादला नेलं, आणि त्या दिवसापासून दादा पिक्चरमध्ये पडायचं काम करायला लागले. छपरावरून, घोड्यावरून, चालत्या ट्रकवरून. एकदा उजवा खांदा निखळला. तो बोळातल्या हाडवैद्यानं बसवला, पण जरा खालीच बसला.

दादा यायचे ते सकाळच्या गाडीनं. खांद्यावर पत्र्याची पेटी, हातात बिस्किटांचा पुडा, आणि अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास. माय त्या दिवशी सुशीला करायची. भिजवलेले मुरमुरे, त्यात भरपूर शेंगदाणे आणि हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. दादा ताटली संपवता संपवता गोष्टी सांगायचे. "हिरोच्या बदली मीच असतो. त्याचं नुसतं तोंड." बोळातली माणसं दाराशी जमायची. मीही ऐकायची, पण माझं लक्ष दादांच्या डोळ्यांकडे असायचं. गोष्ट रंगात आली की ते आमच्याकडे बघायचे नाहीत, छताकडे बघायचे.

एकदा त्यांनी सांगितलं की अमुक पिक्चरमध्ये घोड्यावरून पडतो तो मी. सगळा बोळ पिक्चर बघायला गेला. तीन तास आम्ही डोळे फाडून बसलो. हिरो साऱ्या पिक्चरभर जीपमधून फिरला, घोड्याला त्यानं हातसुद्धा लावला नाही. बाहेर आल्यावर कोणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेत माझी मैत्रीण म्हणाली, "तुपले दादा तिकडं हाटेलात कपबशा विसळत असतील, बघ." मी तिच्याशी भांडले, तिची वेणी ओढली. पण भांडता भांडता मला कळलं की मलाही तेच वाटतंय.

त्यानंतरच्या खेपेला दादा आले ते डावा हात गळ्यात बांधून. महिनाभर काम नाही म्हणाले. पेटी त्यांनी खाटेखाली सारली आणि तिला कुलूप घातलं. आधी कधी घालत नव्हते. मायनं ते बघितलं, मीही बघितलं, आणि दोघींनी एकमेकींना बघताना बघितलं. चार दिवसांनी दादा दाढीला गेले होते. माय मागे धुणं धूत होती आणि मी खुंटीवरचे कपडे काढत होते. शर्टाच्या खिशात किल्ली लागली. मला एक फोटो हवा होता, बस. दादांचा शूटिंगमधला एक फोटो, शाळेत नेऊन त्या मैत्रिणीच्या तोंडावर आपटण्यासाठी. मी पेटी उघडली.

फोटो नव्हता. टॉवेल होता, तेलाची बाटली होती, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लालभडक ब्लाउज. काठाला सोनेरी जर. त्याच्यात बांधलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या.

मी पेटी बंद करून गप्प बसायला पाहिजे होतं. आज इतक्या वर्षांनीही ते मला टोचतं. पण मी फौजदारीण होते, तेव्हापासूनच. मी ब्लाउज घेऊन मोरीत गेले आणि मायसमोर धरला.

तिनं हात पुसले. मशीनपाशी येऊन तिनं ब्लाउज मांडीवर उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वही आण."

मी लिहायला बसले. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "छाती छत्तीस. खांदा सतरा. मुंढा अठरा. कंबर... कंबर न्हाईच हिला. सरळ हाय." मग टेप खाली ठेवून ती त्या ब्लाउजशी बोलावं तशी बोलायला लागली. "रुंद हाडाची बाई हाय. कष्टाची. लेकरू झालेलं न्हाई. उजवा खांदा खाली हाय बघ, म्हंजी वझं वाहती त्या अंगानं. अन् हे टाके! खांदा उसवला तं हातानं शिवलाय, पोतं शिवावं तसा. आळशी हाय रांड."

माझ्या मायच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, "वर नाव काय लिहू?"

"नाव कळंल तवा लिहू. ऱ्हाऊ दे जागा."

ब्लाउज तिनं मशीनच्या खणात ठेवला आणि पेटीत वर्तमानपत्राची तशीच पुरचुंडी करून जुनं अस्तर भरलं. किल्ली खिशात गेली. दादा दाढी करून आले, आरशात बघत गुणगुणायला लागले, आणि माय त्यांना चहा देताना हसली.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघींनी नांदेडात एक खांदा शोधला. दुसरा शब्द नाही त्याला. बाजारात माय भाज्यांकडे बघायचीच नाही, बायांच्या पाठीकडे बघायची. एसटी स्टँडवर, नळावर, देवळात. मला कोपरानं ढोसायची, "ती बघ, सतरा असंल का?" मीही आता तयार झाले होते. मी म्हणायची, "पंधरा. फार तर साडेपंधरा." घरात दादांचा हरेक शब्द आम्ही तपासून घ्यायचो. ते पान खायला बाहेर पडले की मी दहा पावलं मागे. ते खरोखर पानच खायचे.

शेवटी मायचा संशय कासारणीवर बसला. हिराबाई बांगड्यांचा गठ्ठा उजव्या खांद्यावर टाकून बोळाबोळातून फिरायची. एकटी बाई, लेकरू नाही, आणि पेटीत बांगड्याच निघालेल्या! मायला आता कसलीही शंका उरली नाही. तिनं हिराबाईला घरात बोलावलं, पाणी दिलं, नवीन बांगड्या भरून घेतल्या, आणि म्हणाली, "बाई, तुला एक ब्लाउज शिवून देते मपल्याकडून. उभी ऱ्हा जराशी." हिराबाई बिचारी खूश झाली. मायनं खांद्यावर टेप लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

"चौदा," माय म्हणाली, आणि एकदम खाली बसली.

हिराबाईला ब्लाउज शिवून द्यावाच लागला, ते वेगळं. पण जाता जाता मायनं त्या हिरव्या बांगड्या तिच्यापुढे टाकल्या. हिराबाईनं एक उचलली, दातानं चावून बघितली आणि हसली. "ह्या काचंच्या न्हाईत, बाई. पलाष्टिक हाय. आपटल्या तरी फुटायच्या न्हाईत. अन् माप तं बघ, केवढा थोरला हात! आख्ख्या नांदेडात एवढी बांगडी म्या कोणाला भरली न्हाई." ती गठ्ठा उचलून गेली. माय बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिली. "म्हंजी हैदराबादचीच हाय," एवढंच म्हणाली.

त्या रविवारी दुपारी जेवताना मायनं विचारलं. भाकरी, येसराची आमटी, कांदा. दादा एका हातानं भाकरी मोडत होते. मायनं खणातून ब्लाउज काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

दादांचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, ते आता पळून जातील. ते माझ्याकडे बघायला लागले, मग मायकडे, मग छताकडे.

"बाई हाय का?" मायनं विचारलं.

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "हाव. हाय एक."

"नाव काय तिचं?"

दादांची नजर भिंतीवर गेली. तिथं माहूरच्या देवीचं कॅलेंडर होतं. "रेणुका," ते म्हणाले.

मी ते बघितलं. नाव विचारल्यावर माणूस भिंतीकडे कशाला बघेल? पण मला बोलायचं धैर्य झालं नाही. आणि माय तर काही बघण्याच्या पलीकडे गेली होती. ती उठली, हात धुतले आणि ट्रंक काढली. "सामान घे तुपलं," मला म्हणाली. "रेणापूरला जाऊन ऱ्हायलो आपण, मामाकडं. साडेतीनची गाडी हाय."

रेणापूरला जाणं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी दहावी अर्धवट सुटणार होती. मामानं माझ्यासाठी एक मुलगा बघून ठेवला होता, आणि मायनं त्याला दोनदा नकार दिला होता तो दादांच्या जोरावर. आता कुठला जोर? मी पुस्तकं पिशवीत भरत होते आणि रडत होते. त्यातही मला दादांचा राग येत नव्हता, माझाच येत होता. पेटी मीच उघडली होती. दादा खाटेवर पाठ करून बसले होते. ते अडवत नव्हते.

मायनं मशीनवरची कामं आवरली. कोणाचं काम अर्धवट टाकून जायचं नाही, हा तिचा नियम. त्यात दादांचा एक शर्ट होता, कॉलर उलटवायला घेतलेला. तिनं तो पाटावर पसरला, घडी घातली आणि ताटाजवळून उचलून आणलेल्या ब्लाउजवर ठेवला. मग तिचा हात थांबला. तिनं शर्टाची घडी पुन्हा मोडली. शर्ट खाली, ब्लाउज वर, खांद्याला खांदा लावून. उजवीकडे दोन्ही शिवणी सारख्याच अर्धा इंच खाली उतरत होत्या.

मायनं भिंतीवरचा टेप काढून गळ्यात टाकला आणि ती दादांपुढे उभी राहिली.

"उठा."

"आता काय ऱ्हायलं?"

"उठा म्हणलं ना. पाठ करा इकडं." मग मला, "वही काढ. ते पान."

ती आकडे बोलत गेली आणि मी पानावर बोट ठेवून बघत गेले. छाती छत्तीस. खांदा सतरा. मुंढा अठरा. मी दर वेळी नुसती "हो" म्हणत होते आणि माझा आवाज मलाच वेगळा लागत होता. कंबर मोजायच्या आधीच दादा मटकन खाली बसले.

"बाई पडती ना पिक्चरमधी," ते जमिनीकडे बघून म्हणाले, "ती मी असतो. माहूरलाबी हिरॉइनच्याच बदली गडगडलो. लुगडं नेसवलं, केस लावले अन् ढकललं. मी बारीक, बुटका. हिरोच्या बदली मला कोण घेतंय? हा हात मोडला तो शीन अर्धाच झालाय. तोच ब्लाउज घालून पुन्हा पडायचंय, म्हणून जपून आणला. खांदा उसवला होता, तो मीच शिवला."

घोड्यावर हिरॉइन होती. पिक्चर बघून आल्यापासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी दादांना शोधत होते, बाईकडे बघितलंच नव्हतं.

"मग बाई हाय म्हणून कामून सांगितलं?" माय म्हणाली.

"सांगितलं. बाई ठेवली तर लोक चार दिवस बोलतेत अन् गप बसतेत. मी लुगडं नेसून पडतो म्हणलं, अन् तेबी देवीच्या डोंगरावर, तं गावाकडं मला देवीला सोडलेला जोगत्या म्हणून हाका मारल्या असत्या जलमभर. पोरीचं लग्न व्हायचंय."

मला वाटलं, माय आता हसेल. कासारणीचे खांदे मोजणारी माझी माय! पण ती रडायला लागली. ब्लाउज सापडल्यापासून ती पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता तिनं टेपच्या टोकानं दादांच्या पाठीत मारलं. "गावाची लाज वाटली! मपली न्हाई वाटली? आठ रोज मी भाकरी गिळू न्हाई शकले. अन् घरात शिवणारी असताना हे असे टाके? पोतं शिवल्यावानी?" खरं सांगायचं तर मला अजून कळलेलं नाही की तिला जास्त काय लागलं, बाई की टाके.

अलीकडे नातवानं मला मोबाइलवर एक जुना पिक्चर लावून दिला. एक बाई पुलावरून उडी मारते, पाठमोरी. मी म्हटलं, थांबव. बोटानं चित्र मोठं केलं. उजवा खांदा जरा खाली. नातू म्हणाला, आजी, काय बघतेस? मी म्हटलं, शिवण. मला आता आणखी एक शंका येते. जी बाई चपला काढणाऱ्या बायकांची मापं लांबून सांगायची, ती नवऱ्याचा खांदा पहिल्याच दिवशी ओळखू शकली नसेल? की ओळखूनही तिला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं? मी तिला विचारलं नाही. ती गेली तेव्हाही नाही. तिनं काहीही उत्तर दिलं असतं तरी ते मला खरं वाटलं नसतं.

साडेतीनची गाडी गेली. मायनं डोळे पुसले, ट्रंक जागेवर ठेवली आणि ब्लाउजचे ते पोत्याचे टाके एकेक करून उसवून टाकले. मग मला म्हणाली, "त्या पानावर नाव लिही."

"काय लिहू?"

"तुझ्या बापाचं. मी कसं घेऊ?"

मी लिहिलं. मारोती. त्या वहीत दादांचं ते पहिलं पान.

मायनं जुन्या उशीचा कापूस काढून मांडीवर घेतला. ब्लाउजला आतून जाड अस्तर लावायचं होतं. खडू हातात धरून ती दादांकडे न बघता म्हणाली, "पडताना अंगाचं आधी काय टेकतं?"

इतके दिवस आम्हाला छताकडे बघून गोष्टी सांगणारे दादा पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघत होते. त्यांनी खांदा दाखवला. मायनं तिथं खडूची खूण केली. मग बरगडी दाखवली. मग कोपर, मग कमरेचं हाड, मग पाठीवरची एक जागा, जी त्यांच्या हाताला पुरत नव्हती म्हणून मायनं चाचपून शोधली. "इथं?" "हाव. इथं तं दर वेळी." ती सांगत होती आणि मी लिहीत होते. खाली जागा संपली. मी पान उलटलं, मागच्या बाजूला लिहायला लागले, तरी दादा दाखवतच होते.